गाडी खाली, ॲक्सल जागेवर

आमचं नरडाणा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. हा महामार्ग पूर्वी 3 क्रमांकाचा होता, आता आमच्या भागात त्याचा क्रमांक 52 आहे. क्रमांक बदलला, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची पाठ बघून त्यांची कहाणी ओळखण्याची आम्हा गावकऱ्यांची सवय काही बदलली नाही. रिकामी असूनही पाठ वर करून धावणारी जीप दिसली की समजावं, हिनं कधीकाळी वीस-वीस माणसं वाहिली आहेत. आणि मागून बसकी, रस्त्याला टेकू पाहणारी मोटार दिसली की समजावं, घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे.

मी कवी माणूस. बी.ए. झालो तोही मराठी विषय घेऊन. कमानीबद्दल बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे मामू महामार्गालगत कमानपाट्याचं काम करत आणि माझ्या सुट्ट्या त्यांच्या ऐरणीजवळ गेल्या. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक येई. एक म्हणे, एखादा पाटा जास्तीचा घाला, गाडी मागे बसते. दुसरं म्हणे, "गाडी जराशी खाले करी दे, भाऊ." पहिल्याला मामू लगेच हो म्हणत. दुसऱ्याला आधी चहा पाजत आणि विचारत, "खाली कशासाठी हवी?" हा प्रश्न मला तेव्हा वेळकाढूपणाचा वाटे. आज त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागणीबद्दलच बोलायचं आहे. गाडीचा मागचा भाग खाली घ्यायचा, पण ॲक्सलला इजा होऊ द्यायची नाही, हे कसं साधतं?

आधी कमान म्हणजे काय ते पाहू. टांग्याखाली होती तीच ही कमान. लंडनच्या ओबाडाया इलियट या घोडागाड्या बनवणाऱ्यानं 1804 मध्ये अशा कमानींचं पेटंट घेतलं होतं. एकावर एक ठेवलेले, बाक दिलेले पोलादी पाटे. सगळ्यात लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून त्यांत बुश बसवलेलं असतं. एक टोक चासीला पिनेनं पक्कं, दुसरं शॅकलवर झुलतं, कारण वजन पडलं की पाटा सरळ होतो आणि सरळ झाला की लांब होतो. मधोमध सगळ्या पाट्यांतून एक सेंटर बोल्ट जातो, आणि तिथेच यू बोल्टांनी ही जुडी ॲक्सलला आवळलेली असते.

लोकांचा समज असा, की कमान म्हणजे गादी. हादरे कमी करायला बसवलेली. टांग्यात ते खरं होतं, कारण टांगा घोडा ओढतो. पण जीप, जुनी ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि चाकं पुढे रेटतात ती कमानीलाच. ॲक्सलला पुढे-मागे सरकू न देणं, आडवं जाऊ न देणं, जोर लावला की त्याला स्वतःभोवती पीळ घेऊ न देणं, ही सगळी कामं कमानीकडे. दुसरा कुठला दांडा नसतो धरायला. म्हणून या गाड्यांत कमानीला हात लावणं म्हणजे ॲक्सलला हात लावणं. हे ज्याला पटलं, त्याचं निम्मं काम झालं.

आता गाडी खाली घ्यायची म्हटली की पहिला उपाय सुचतो तो पाटा काढून टाकण्याचा. सोपा आहे, फुकट आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचा आहे. समजा, सारख्या जाडीचे सहा पाटे आहेत. त्यातला एक काढला तर कमानीचा ताठरपणा साधारण सहाव्या हिश्शानं कमी होतो. आणि तेवढंच वजन आता पाचांवर आलं, म्हणजे प्रत्येकाचा भार पाचव्या हिश्शानं वाढला. गाडी खाली आली हे खरं, पण ती अशक्त होऊन खाली आली. खड्ड्यात गेली की आणखी बसणार, क्लच सोडला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळणार, ॲक्सल पीळ घेणार. ज्याची उंची कमी हवी होती त्याला अशक्त कमान मिळाली.

दुसरा उपाय त्याहून वाईट. पाट्यांवर गॅसची ज्योत मारायची, लाल झाले की गाडीच्या वजनानं ते आपोआप बसतात. पाच मिनिटांत दोन इंच. पण कमानीचं पोलाद हे पाणी दिलेलं पोलाद असतं. ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा मोजक्या आचेवर तापवून त्याला लवचीकपणा आणलेला असतो. ज्योतीनं एका जागी ते पाणी उतरतं. तिथे पाटा मऊ पडतो, शेजारी कडक राहतो, आणि त्या दोहोंच्या शिवेवर तो तुटतो. मुख्य पाटा तुटला तर त्या बाजूचा ॲक्सल मागे सरकतो. चालत्या गाडीत मागचं एक चाक वेगळ्या दिशेनं जायला लागलं तर स्टिअरिंग धरून काही उपयोग होत नाही. बाक कमी करायचाच असेल, तर पाटे सुटे करून, थंडच, घणाखाली किंवा प्रेसवर, टोकापासून टोकापर्यंत थोडा थोडा बाक उतरवतात. दोन्ही बाजूंच्या कमानी एकमेकींवर ठेवून ताडून बघतात. या कामाला अख्खा दिवस जातो.

तिसरा उपाय ठोकळ्याचा, म्हणजे ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घालण्याचा. इथे एक गंमत आहे आणि ती जाणत्या मिस्त्रींनाही कधी चकवते. काही गाड्यांत कमान ॲक्सलच्या वर बसलेली असते, काहींत ॲक्सलखाली टांगलेली. कमान वर असेल तर मधला ठोकळा गाडीला उचलतो. कमान खाली असेल तर तोच ठोकळा कमानीला, आणि तिच्यासोबत चासीला, खाली ढकलतो. म्हणजे एकच ठोकळा एका गाडीला चढवतो आणि दुसरीला उतरवतो. तेव्हा कुणी ऐकवलं म्हणून ठोकळा आणू नये. आधी गाडीखाली झोपून बघावं. ठोकळा भरीव धातूचा हवा, लाकडाचा नको, आणि एकावर एक दोन तर कधीच नकोत. ठोकळा जितका उंच तितका ॲक्सलला पीळ घ्यायला वाव जास्त. दीड-दोन इंचांच्या वर जाऊ नये, असं मामूंचं मत होतं. मलाही ते पटतं.

हे सगळं मला पुन्हा आठवायचं कारण आमची अम्मी. धाकट्या भावाकडे जुनी कमांडर जीप आहे. मागून चढायचं, समोरासमोर बाकं. पहिल्या मालकानं ती प्रवासी वाहतुकीला लावली होती आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन पाटे जास्तीचे घालून घेतले होते. त्यामुळे मागची पायरी गुडघ्याच्याही वर. अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागतं. तिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, त्या हाताला धरून ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उजवा हात धरला तर ती कलंडते, कंबरेला धरलं तर लाजते. जाताना निदान दम असतो. परत येताना चार तासांच्या डायलिसिसनंतर तिला उतरवणं म्हणजे आमच्या दोघांची परीक्षा. शिवाय जास्तीच्या पाट्यांमुळे रिकामी जीप दगडासारखी आपटायची.

भावानं एका गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अर्ध्या तासात तीन इंच खाली घेतो, गॅस लावू. भाऊ तयार झाला होता. मामू आता थकले आहेत, हातात घण धरत नाहीत, पण खाटेवरून त्यांनी जुनाच प्रश्न विचारला, "खाली कशासाठी हवी?" भाऊ म्हणाला, "अम्मीसाठी." मामू म्हणाले, "मग तिच्या पायाला हवी तेवढीच घ्या. आणि ती मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसणार आहे, हे विसरू नका."

मग त्यांनी सांगितलं तसं आम्ही मापं घेतली. गाडी सपाट जागी, टाकीत डिझेल भरलेलं, चारी टायरांत सारखी हवा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीजही मापात येते. चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त कमानीचं काय ते कळतं. दुसरं माप त्याहून महत्त्वाचं. ॲक्सलच्या वर चासीला एक रबरी अडणी असते, मिस्त्री तिला बंपस्टॉप म्हणतात. ॲक्सल आणि ती अडणी यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे ॲक्सलला वर उसळायला उरलेली जागा. गाडी जितकी खाली आणाल तितकी ती जागा जाते. समजा, चार इंच आहे आणि तुम्ही अडीच इंच खाली घेतलीत. उरला दीड इंच. मागे सहा माणसं बसली की तोही संपला. मग प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल थेट चासीवर आपटणार. कमान असून नसल्यासारखी. हाउसिंगला तडा जाणं, ते वाकणं, बेअरिंग बोलायला लागणं हे आजार इथून सुरू होतात. अडणी कापून जागा करणारेही असतात. ते म्हणजे पाहुणे मावावेत म्हणून घराचा दरवाजा काढून टाकणं.

आमचं नशीब असं, की आम्हाला गाडी कारखान्यानं दिलेल्या उंचीच्या खाली न्यायची नव्हती. तिच्या मूळ उंचीवर परत आणायची होती. नंतर घातलेले पाटे ओळखू येतात. त्यांचा बाक बाकीच्यांशी जुळत नाही, टोकं वेगळ्या तऱ्हेनं कापलेली असतात, त्यांना धरणाऱ्या पट्ट्याही नंतर ठोकलेल्या दिसतात. ते दोन-दोन काढले. हा पाटे काढण्याचा एकमेव प्रकार मला निर्धोक वाटतो, कारण इथे अशक्तपणा येत नाही, आगाऊपणा जातो.

पण काम इथेच फसतं. पाटे काढले की जुडी पातळ झाली. जुने यू बोल्ट मात्र जाड जुडीसाठी कापलेले. नट फिरवत नेला की एका जागी आटे संपतात. पान्याला वाटतं, घट्ट झालं. नट खरोखर घट्ट असतो, पण तो आट्यांच्या शेवटावर घट्ट असतो, पाट्यांवर नाही. जुडी आत सैलच. बाहेरून काही दिसत नाही. पुढे काय होतं? ॲक्सलला जागेवर ठेवणारी खरी पकड ही यू बोल्टांच्या आवळण्याची असते. सेंटर बोल्टाचं काम फक्त जागा दाखवण्याचं. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसतं, एवढंच. पकड सैल झाली की सगळा धक्का त्या बिचाऱ्या बोटभर बोल्टावर येतो आणि तो एक दिवस कापला जातो. मग ॲक्सल कमानीवर घसरतो. रस्त्यावर मागून बघितलं तर गाडी तिरकी चालताना दिसते, कुत्रं चालतं तशी. ठोकळा घातलेल्या गाडीत हाच धोका उलट बाजूनं येतो. तिथे यू बोल्ट ठोकळ्याच्या जाडीइतके लांब हवेत, आणि ठोकळ्याच्या एका अंगाला खुंटी, दुसऱ्या अंगाला भोक हवं, म्हणजे साखळी तुटत नाही. आम्ही यू बोल्ट नवे घेतले. ते ताणले गेलेले असतात, जुने पुन्हा वापरू नयेत. नट चारी कोपऱ्यांनी आळीपाळीनं आवळले. पाट्यांच्या टोकांच्या पिना मात्र शेवटी, गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी केल्यावर. बुश रबरी असेल तर गाडी हवेत असताना आवळलेलं बुश खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता कोनाचा विषय. तो थोडा किचकट आहे, पण गाडीच्या घरघरीचं मूळ तिथेच आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत लांब शाफ्ट जातो. त्याच्या दोन टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून ती पुसून टाकतो. पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत, म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं. आम्हा कवींच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या ओळीत वाढलेली मात्रा दुसऱ्या ओळीनं सांभाळून घेतली पाहिजे. सपाट ठोकळ्यानं ॲक्सल सरळ वर जातो, तेव्हा ही समांतरता बऱ्यापैकी टिकते. पण मागचं शॅकल छोटं करून गाडी उतरवली, तर कमान तिरपी होते आणि पिनियनचं तोंड खाली झुकतं. मग ठराविक वेगाला खालून घरघर येते, क्रॉस लवकर झिजतात, पिनियनचं सील गळायला लागतं. मग लोक क्रॉस बदलतात, सील बदलतात आणि आजार तसाच राहतो. त्याला औषध पाचरीचं. कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची धातूची पाचर घालून तोंड पुन्हा सरळ करायचं. शाफ्ट जिथे आत-बाहेर सरकतो त्या जागी थोडी सैल जागा उरली आहे ना, हेही तेव्हाच पाहायचं.

कमान सोडून आणखी तीन गोष्टी. शॉक ॲब्सॉर्बर जुन्या लांबीचे असतील तर खाली आलेल्या गाडीत ते आतून आपटू शकतात. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी बसली म्हणजे माल भरला, असं त्याला वाटतं आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी कायमची खाली घेतली तर रिकामी असतानाही त्याला ती भरलेलीच भासते. पावसात मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. तो व्हॉल्व्ह नव्यानं लावून घ्यावा लागतो. आणि तिसरं, मागे बसली की गाडीचे दिवे वर बघायला लागतात. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत उजेड, तुमच्या रस्त्यावर अंधार.

स्प्रिंगच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, ती थोडक्यात सांगतो. तिथे पोरं स्प्रिंगचा एक वेढा कापतात. कापलेली स्प्रिंग छोटी होते तशी कडकही होते, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की ती जागेवरून निसटू शकते. कापण्याऐवजी त्या गाडीसाठी बनवलेली छोटी स्प्रिंगच घालावी. ज्या गाड्यांत ॲक्सलला आडवा दांडा धरून ठेवतो, त्यांत गाडी खाली आली की तो दांडा ॲक्सलला थोडा एका बाजूला सरकवतो. एका बाजूचं टायर आत घासलं, तर कारण तिथे शोधावं.

हा शौक आपल्याकडचा नाही, असं म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. शौक जगभरचा आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या डिकीत वाळूची पोती टाकून त्यांची पाठ खाली आणत. कॅलिफोर्नियानं 1958 मध्ये कायदाच केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. तिथले कारागीर पुढे चासीलाच ॲक्सलच्या वर अर्धगोल खाच देऊ लागले. ॲक्सलला उसळायला जागा लागते, हे त्यांनाही उमगलं होतं. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे. उत्पादकानं दिलेल्या मापांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा शौकासाठी कारखान्याच्या उंचीखाली जाणाऱ्यानं परवानगीचं आधी पाहावं, ठोकळ्याचं नंतर. माझं विचाराल तर आमच्या रस्त्यांवर कारखान्याची उंचीच बरी. खान्देशातले गतिरोधक कुणाच्या शौकाची कदर करत नाहीत.

आमची जीप मागून पावणेतीन इंच खाली आली. ॲक्सल आणि अडणी यांच्यात, अम्मी आणि आम्ही दोघं मागे बसल्यावरही, पुरेशी जागा राहिली. पण पावणेतीन इंचांनी अम्मीचा पाय पोचेना. उरलेलं अंतर ॲक्सलकडून मागायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. वेल्डरकडून एक घडीची लोखंडी पायरी करून घेतली, तिच्यावर ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा बसवला. खरं सांगायचं तर ही पायरी आधी केली असती तर चढण्याचा प्रश्न तेवढ्यानंही बराचसा सुटला असता, पण जीपचं आपटणं तसंच राहिलं असतं. आता अम्मी उजव्या हातानं कांब धरते, डावा हात पदराखाली ठेवते आणि दोन पावलांत आत जाते. धुळ्याच्या पहिल्या फेरीनंतर, साधारण साठ किलोमीटर झाल्यावर, भावानं यू बोल्ट पुन्हा तपासले. आठही नट थोडे थोडे फिरले, डाव्या बाजूचा मागचा तर जवळजवळ अर्धा फेरा. पुढच्या फेरीनंतर एकही हलला नाही.